झाकलेला तराजू नको!

प्रयोगशाळेत वजन करण्यापूर्वी तुम्ही रिकाम्या तराजूचा काटा मध्यावर येतो की नाही, ते पाहता. समजा, कोणी तराजू कापडाखाली झाकला आणि म्हणाला, "आत पाहू नका, मी सांगतो तो आकडा वहीत लिहा." तुम्ही लिहाल काय? नाही ना? मग माणसाच्या मनाविषयीच्या प्रयोगांत आपण झाकलेला तराजू का चालवून घ्यावा?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुला झाला. तेव्हापासून माणसासारखी उत्तरे देणाऱ्या आज्ञावली, म्हणजेच चॅटबॉट, सर्वत्र पोहोचले आहेत. कोणी म्हणतो, त्यांच्यामुळे मुले विचार करणे सोडतील. कोणी म्हणतो, अभ्यास सुधारेल, एकट्या माणसाला सोबत होईल. यांत खरे काय, हे वादाने नव्हे, प्रयोगाने ठरते. मानसशास्त्रज्ञ असे प्रयोग करीतही आहेत. त्यांचा तराजू म्हणजे पुन्हा एक आज्ञावलीच. कोणाला कोणत्या गटात घालायचे, चॅटबॉटला आधी कोणती सूचना द्यायची, उत्तर किती वेळाने दाखवायचे, काय नोंदवायचे, हे सारे ती पार पाडते. माझे स्पष्ट मत असे, की ही आज्ञावली मुक्तस्रोत असली पाहिजे. म्हणजेच, ती कोणालाही वाचता, चालवता आणि सुधारता आली पाहिजे.

हा आग्रह कशासाठी? एक जुनी हकिकत पाहा. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची बोलकी आज्ञावली तयार केली व १९६६ साली तिच्यावर लेख लिहिला. तिला काहीच समजत नसे. वाक्यातला एखादा शब्द हेरायचा आणि ठरावीक साच्यातून उत्तर परत करायचे, एवढेच तिचे काम. 'आई' हा शब्द आला, की 'घरच्यांविषयी आणखी सांगा'! वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तर हे काम कित्येक महिने डोळ्यांसमोर पाहिले होते. तरीही एलायझाशी दोन-चार वाक्ये बोलताच तिने त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. ही गोष्ट त्यांनी १९७६ साली आपल्या पुस्तकात नोंदवली.

आता समजा, हा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करायचा आहे. लेखात एलायझाची रीत होती, संवादाचे साचे होते. पण संपूर्ण आज्ञावली छापलेली नव्हती. इतरांनी आपापल्या परीने नकला केल्या आणि लोक त्यांनाच एलायझा समजू लागले. मूळ कागद एम. आय. टी.च्या दप्तरखान्यात २०२१ साली सापडले व डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा चालू झाली. मधे अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला!

पुन्हा करून पाहणे इतके महत्त्वाचे आहे काय? होय. २०१५ साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत परिणाम ठळक दिसला होता. फेरतपासणीत तो सुमारे ३६ टक्क्यांतच दिसला. चॅटबॉटविषयीचे निष्कर्ष या कसोटीतून सुटतील, असे कसे मानावे?

सुदैवाने उघडे तराजू उपलब्ध आहेत. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात सुरू झालेले 'सायकोपाय' हे साधन माणसाच्या प्रतिसादाचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजते. 'जेएससायक' हे ब्राउझरमध्ये चालते, तर 'ओट्री' हे अनेक माणसांना एकाच प्रयोगात एकत्र आणते. तिन्ही मुक्तस्रोत आहेत आणि त्यांना चॅटबॉट जोडता येतो.

यावर कोणी म्हणेल, "साधन उघडे असले, तरी आतला चॅटबॉट कंपनीचाच ना? तो तर केव्हाही बदलतो!" शंका रास्त आहे. म्हणूनच, जमेल तेथे, उतरवून घेऊन जपून ठेवता येतील अशी भाषा-प्रारूपे वापरावीत. २०२२ साली खुले झालेले 'ब्लूम' हे त्यांपैकी एक. ते ज्या ४६ भाषांवर घडवले, त्यांत आपली मराठीही आहे. दुसरी शंका गुप्ततेची. परंतु साधन उघडे ठेवणे म्हणजे माणसांचे बोलणे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. तराजू सर्वांना दाखवावा. कोणाचे वजन किती भरले, हे त्याच्या संमतीवाचून सांगू नये.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. शिक्षकांची परवानगी घ्या. एकाच उत्तराच्या दोन प्रकारच्या प्रती काढा. एका प्रकारावर 'माणसाने लिहिले' आणि दुसऱ्यावर 'यंत्राने लिहिले' असे लिहा. नाणे उडवून वर्गातल्या प्रत्येकाला कोणती प्रत द्यायची ते ठरवा व १० पैकी गुण मागा. शेवटी खरे काय ते सर्वांना सांगा. दोन्ही गटांची सरासरी काढा. फरक पडो वा न पडो, रीत, सूचना आणि आकडे कोणाचेही नाव न घालता फलकावर लावा, म्हणजे शेजारच्या वर्गाला तोच प्रयोग पुन्हा करता येईल.

आणि उद्या कोणी "चॅटबॉटने मुलांचे असे होते" असे छातीठोकपणे सांगितले, तर नम्रपणे एवढेच विचारा: "तुमचा तराजू पाहू द्याल का?"