बायकांची मानसिकता, आणि बाकीच्यांची?

बायकांच्या आरोग्यावर भाषणं करणाऱ्यांच्या तोंडी हल्ली एक शब्द हटकून असतो : मानसिकता. लोहाच्या गोळ्या दिल्या तरी बायका खात नाहीत. का? मानसिकता. अंगावरून पांढरं जातं, तपासणीला ये म्हटलं तर येत नाहीत. का? मानसिकता. हा शब्द उच्चारला की पुढे काही करावं लागत नाही, ही त्याची मोठी सोय. मालवण तालुक्यात बैठका घेताना तो मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याची उलटतपासणी करणं भाग आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करते. बाई स्वतःच्या दुखण्याबाबत जे वागते ते सगळं विचार करून वागत नाही. किनाऱ्यावरच्या एका बैठकीत मासे विकणाऱ्या बायकांना मी विचारलं, सुरमईचा कुठला भाग आवडतो? बहुतेकींनी डोकं नाहीतर शेपटी सांगितली. ‘माका तुकडी आवडनाच नाय गो,’ एक म्हणाली. तुकडी घोवाची, झिलाची. वर्षानुवर्षं उरलेलं खाऊन जिभेला त्याची गोडी लागली, की रोजच्या जेवणात रोज अपमान वाटू नये म्हणून मनानेच ती आवड ठरवून टाकली? तिला विचाराल तर ती हसेल. (डोक्यातही सत्त्व असतं, ते मला ठाऊक आहे. भांडण सत्त्वाचं नाही, आपल्या वाट्याला काय यावं हे आपलं मन आपल्याला न विचारता ठरवतं, त्याचं आहे.) 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, त्याच वयाच्या पुरुषांत 25 टक्के. एवढ्या बायकांना तुकडी आवडत नाही, हा योगायोग म्हणायचा?

दुखण्याचंही तेच. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते. तक्रार सांगणाऱ्या होत्या 55 टक्के, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. काही रोग लक्षणं दाखवतच नाहीत, हे खरं. पण ‘बाईमाणसाला हे असायचंच’ असं आईकडून ऐकलेलं असलं की जे जाणवतं तेही दुखणं म्हणून जाणवत नाही.

आणि या न जाणवण्यालाही कारण असतं. आमच्याकडे घरातला पुरुष मुंबईला नाहीतर समुद्रात. बाई आडवी झाली की चूल, गुरं, म्हातारी सासू, मासळीची पाटी, सगळंच आडवं. शिवाय ‘पिशवी बिघडली’ हे घरात कळलं तर आपण टाकली जाऊ ही भीती. ती उघड बोलली जात नाही, पण परित्यक्तांच्या प्रश्नावर काम केलेल्या मैत्रिणींना ती पक्की ओळखीची आहे. ज्या दुखण्याची कबुली दिली तर घरातली जागा जाईल, ते दुखणं मन दडवून ठेवतं. याला अडाणीपणा म्हणायचा? मला तर तो बचाव वाटतो, महागात पडणारा बचाव. दडवलेलं दुखणं मग कंबर धरणं, छातीत धडधडणं, कधी अंगात येणं अशा वाटांनी बाहेर पडतं. अंगात आलं की घर निदान तासभर तरी तिचं ऐकतं.

अबोध मनाचा अभ्यास ज्या बाईच्या आजारापासून सुरू झाला असं सांगतात, तिचं पुढे काय झालं हे मात्र कुणी सांगत नाही. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या 1895 च्या पुस्तकात ती ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने येते. बोलून बरं होण्याच्या उपचाराला नाव दिलं ते तिनेच. तिचं खरं नाव बेर्था पापेनहाइम. 1904 मध्ये तिने जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली आणि बायकांच्या विक्रीविरुद्ध ती लढली. पुस्तकात ती रुग्ण म्हणून उरली.

आता मुख्य मुद्दा. अबोध मन फक्त बायकांनाच असतं का? त्याच सर्वेक्षणात विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के जणींनी स्वतःची नसबंदी करून घेतलेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या 0.3 टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया साधी, पोट उघडावं लागत नाही, हे चार दशकं भिंतींवर रंगवून झालं. तरी पुरुष घाबरतो आणि बायकोला पाठवतो. ‘ताकद जाईल’ हे त्याच्या मनाच्या तळाशी बसलेलं भय कुणी मानसिकता म्हणून मोजत नाही. त्याचा खर्च बायकोच्या पोटावर पडतो, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं, मन बदला असं बायकांना सांगण्याआधी ते मन ज्यांनी घडवलं त्या गोष्टींना हात घाला. सकाळी लिलाव, मग पाटी घेऊन बाजार, आणि तपासणीची वेळही सकाळचीच. ती दुपारनंतर ठेवा. तपासायला बाई डॉक्टर द्या, दाराला कडी आणि खिडकीला पडदा द्या. एवढं वर्षभर करून पाहा, आणि तरीही बायका आल्या नाहीत तर मानसिकतेवर बोलायला मी स्वतः माईक हातात घेईन. तोवर आमच्या पुढच्या दोन बैठका पुरुषांच्या ठेवल्या आहेत. पहिला प्रश्न ठरला आहे : सुरमईची कुठली तुकडी तुम्ही शेवटची कधी सोडलीत?