चार टक्क्यांचा धसका

लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सुनेला दवाखान्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. तिची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, उपासतापास सगळं उरकल्यावर नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा विषय निघतो, तोही कुजबुजत. मूल न होण्यात निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. मग ही स्वस्त, बिनदुखी तपासणी आधी का नको?

ती झाली, की दुसरं संकट. अहवालात ‘नॉर्मल फॉर्म्स ३ टक्के’, म्हणजे योग्य आकाराचे शुक्राणू शंभरात तीनच, असं वाचून गडी खचतो. रंगवलेल्या काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकून, हजारपट मोठे करून, किमान २०० शुक्राणू एकेक पाहतात. योग्य आकार म्हणजे डोकं अंडाकृती, पुढच्या भागावर टोपीसारखं आवरण, डोक्याच्या दहापट लांब शेपटी. डोकं जरा निमुळतं दिसलं, शेपटी दुहेरी निघाली, की तो शुक्राणू बाद. एवढ्या कडक चाळणीत धडधाकट माणसाचेही बहुतेक बादच होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली ४ टक्क्यांची रेघ ओढली, ती ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून. त्यांतलेही शंभरात पाच जण रेघेखाली होते! आकार एवढाच दोष असेल, संख्या आणि हालचाल चांगली असेल, तर ३ टक्केवाला आपसूक बाप होऊ शकतो. सगळीच डोकी गोल आणि टोपीविना असणं हा खरा गंभीर प्रकार, पण तो फार दुर्मीळ.

शुक्राणू घडायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे श्रावणात भामरागड-एटापल्लीकडे मलेरियाने फणफणलेल्या माणसाचा अहवाल दिवाळीपर्यंत बिघडलेला दिसू शकतो. म्हणून अलीकडे ताप येऊन गेला का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं. अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांमुळेही अहवाल बिघडू शकतो, त्याही तपासून घ्याव्यात.

आणि खर्रा, म्हणजे आमच्याकडची घोटलेली सुपारी-तंबाखू. तंबाखू खाणाऱ्यांत बिघडलेल्या आकाराचे शुक्राणू जास्त आढळतात. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हे अभियान गावोगावी दारू-तंबाखूविरुद्ध झटतं आहे. कॅन्सरच्या जोडीला ही गोष्टही तिथल्या पोरांना सांगावी, असं मला फार वाटतं. कॅन्सर विशीत दूरचा वाटतो. मूल तसं वाटत नाही.

तेव्हा पहिल्या अहवालावर शेत गहाण टाकून नागपूर गाठू नका. खर्रा सोडा, तीन महिने जाऊ द्या, दोन ते सात दिवसांचा संयम पाळून पुन्हा नमुना द्या. बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल, तर मात्र थांबून न राहता दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटा.