घराची गुणपत्रिका

फ्रिजवरचे स्टार आपण पाहतोच. इंग्लंडमध्ये घर विकताना किंवा भाड्याने देताना घराचेच ऊर्जा-प्रमाणपत्र लागते. 'ए' श्रेणी सर्वांत चांगली, 'जी' सर्वांत वाईट. मुदत १० वर्षे. तपासनीस भिंती, छत, खिडक्या, बॉयलर पाहतो. पण तो भिंत फोडून थोडीच बघणार? आत थंडी अडवणारा थर भरल्याचा पुरावा नसेल, तर बांधकामाच्या काळावरून अंदाज धरतो. खर्च करूनही श्रेणी कमी! २०२० पासून सूट नसेल तर 'ई'खालचे घर भाड्याने देता येत नाही. म्हणजे या अंदाजाला किंमत आहे. प्रमाणपत्रात तिथे 'गृहीत' असा शब्द असतो, पण लोक नुसतं अक्षर बघतात. माझ्या मते, श्रेणीआधी तो शब्द शोधावा. आणि कामाच्या पावत्या जपाव्यात.