नळी निघाली, पण फुप्फुस बसलं कशामुळे?

वस्तीतल्या विशी-पंचविशीच्या पोराच्या छातीत अचानक कळ आली, दम लागला, की घरचे ‘गॅस असेल’ म्हणतात आणि शेजारी ‘टीबी’ म्हणून कुजबुजतात. एक्स-रेत फुप्फुस बसलेलं दिसतं. फुप्फुसातून हवा गळून छातीच्या पोकळीत साठते आणि त्या दाबाने फुप्फुस मिटतं. डॉक्टर बरगड्यांमधून नळी टाकून पाण्याच्या बाटलीला जोडतात. फुप्फुस फुलतं, पोरगं घरी येतं.

टीबीने फुप्फुस बसतं, विडी-सिगारेटनेही. टीबीची तपासणी झालीच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. टीबी निघाला नाही की चौकशीच थांबते. दुःखाला कारण असतं हे आपण विहारात ऐकतो, केसपेपरवर मात्र कारणाची जागा कोरी चालवून घेतो.

काहींमध्ये कारण जन्मजात असतं. मार्फान सिंड्रोम साधारण पाच हजारांत एकाला होतो. शरीराला बांधून ठेवणारे धागेच त्यात कच्चे असतात. उंच, सडपातळ बांधा, लांब बोटं, आत गेलेली किंवा पुढे आलेली छाती, वाकलेला कणा, लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. ज्याला गल्ली ‘लंबू’ म्हणून चिडवते, त्याच्याकडे जरा नीट बघा. प्रत्येक उंच मुलाला हा आजार नसतो, पण फुप्फुस बसलेल्या मुलात या खुणा दिसल्या तर विचारायलाच हवं.

कारण खरा धोका हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला असतो. ती हळूहळू फुगते, दुखत नाही आणि एक दिवस फाटते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ साली सामन्यादरम्यान कोसळून गेली. तिला मार्फान होता हे मृत्यूनंतर कळलं. वय ३१.

डिस्चार्जआधी डॉक्टरांना विचारा, ‘फुप्फुस कशामुळे बसलं? टू-डी इको करायची का? डोळे तपासायचे का?’ हा उर्मटपणा नव्हे, हक्क आहे. धमनी फुगलेली वेळेत कळली तर औषधं आहेत, शस्त्रक्रिया आहे. खर्चाचं महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. आजार ठरला तर आईवडील, भावंडांचीही तपासणी करा, कारण तो अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. बीडी-सिगारेट बंद. जिममध्ये वजनं उचलणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि पुन्हा छातीत किंवा पाठीत अचानक कळ आली, तर सोडा पाजून सकाळची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि आधीचे कागद सोबत न्या.