कंपनीला वाट, माणसाला भिंत : अमेरिकेतील शस्त्रबंदीचा इतिहास

१/ शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला त्याचे हक्क परत कधी मिळतात आणि ते देणार कोण? अमेरिकेत हा प्रश्न बंदुकीच्या हक्काभोवती सर्वाधिक गुंतला आहे. बंदूक इष्ट की अनिष्ट, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. कायद्याने दिलेला मार्ग गुपचूप बुजवावा काय, एवढेच पाहू. #धागा

२/ १९३८ च्या संघीय कायद्याची बंदी हिंसक गुन्ह्यांतील दोषींपुरती होती. १९६१ मध्ये ती एक वर्षाहून अधिक कैदेस पात्र अशा सामान्यतः सर्वच गुन्ह्यांपर्यंत ताणली गेली. दरोडेखोर आणि खोटा धनादेश देणारा एकाच रांगेत आले.

३/ त्या रांगेत अनपेक्षितपणे एक बडे धेंड सापडले. विंचेस्टर बंदुकांची मालक ऑलिन मॅथिसन कंपनी १९६२ मध्ये औषध-निर्यातीतील लाचप्रकरणी दोषी ठरली. कारखान्यावर गदा येताच १९६५ मध्ये काँग्रेसने बंदीतून सूट मागण्याची तरतूद केली. कंपनीसाठी उघडलेले हे दार व्यक्तींनाही खुले झाले.

४/ १९८६ च्या कायद्याने ठरवले की, दोषसिद्धी टिकली की पुसली गेली, हे जिथे खटला चालला तिथल्या कायद्यानुसार पाहावे. म्हणजे कॅलिफोर्नियात दोषी ठरलेला माणूस टेक्सासात कितीही वर्षे सचोटीने राहिला, तरी टेक्सास त्याची संघीय बंदी उठवू शकत नाही. त्याला कॅलिफोर्नियाकडेच दाद मागावी लागते.

५/ आणि दोष संघीय न्यायालयाने ठरवला असेल तर? १९९४ च्या ‘बीचम’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले : राज्याने हक्क परत दिले तरी उपयोग नाही, ते संघीय सत्तेनेच द्यावेत.

६/ पण त्याआधीच, १९९२ मध्ये, काँग्रेसने अर्ज तपासणाऱ्या एटीएफ या खात्याला त्या कामासाठी पैसा वापरण्यास मनाई केली होती. कलम जागेवर, कारकून गायब! लवकरच कंपन्यांना त्यातून सूट मिळाली. मनाई उरली फक्त हाडामांसाच्या माणसांना.

७/ एटीएफने अर्जाला हातच लावला नाही, म्हणून एक शस्त्रविक्रेता न्यायालयात गेला. २००२ च्या ‘बीन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला : अर्ज न पाहणे म्हणजे नकार नव्हे, आणि नकार नाही तर अपीलही नाही. संघीय गुन्ह्यातील दोषींसाठी उरली केवळ राष्ट्राध्यक्षांची माफी.

८/ मनाईचे समर्थक म्हणत : एक चुकीची परवानगी निष्पापाचा जीव घेईल. ही भीती खरी आहे, क्षुल्लक नाही. पण मग कलम रद्द करा, भर सभागृहात मतदान करा, जनतेला उत्तर द्या. कलम ठेवायचे आणि त्याचा प्राण काढून घ्यायचा, हे हत्तीचे दाखवायचे दात झाले. आणि धोक्याचाच प्रश्न असेल, तर कंपनीला सूट कोणत्या न्यायाने?

९/ २०२५ मध्ये न्याय खात्याने हे काम एटीएफकडून काढून ॲटर्नी जनरलकडे घेतले आणि दार पुन्हा किलकिले झाले. आनंद मानण्याआधी एवढे ध्यानात घ्या : जे एका प्रशासनाच्या इच्छेने उघडते, ते दुसऱ्याच्या इच्छेने मिटते.

१०/ इतिहासाच्या अभ्यासकांनो, कायदा वाचताना कलमावर थांबू नका. त्याच्या अंमलाला पैसा कोणी दिला, कोणी रोखला, हेही शोधा. हक्क पुष्कळदा अंदाजपत्रकातील एका ओळीत मारला जातो, आणि त्याचा पंचनामाही होत नाही.