सवाल कोणी करायचा?



चार-पाच विनोदी नट एका लांब मेजामागे बसवायचे, मध्ये सूत्रधार, आणि इतिहासातला एखादा बारीकसा तपशील त्यांच्यापुढे टाकायचा. अमुक राजाला किती राण्या होत्या, तमुक यंत्र आधी कोणी बनवले. मग त्यांनी एकमेकांचे बोलणे तोडायचे, खोडून काढायचे, चिडवायचे आणि प्रेक्षकांनी हसायचे. इंग्लंडच्या टीव्हीवर असे कार्यक्रम वर्षानुवर्षे चालत आले आहेत. मोबाइलमुळे त्यांचे तुकडे आता आपल्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या मुलामुलींपर्यंतही येतात. स्त्री-चळवळीच्या अंकात संपादकीयाची जागा असल्या फुटकळ भांडणावर का खर्च करायची, असे कोणी विचारेल. पण मेजामागे कोण बसले आहे, सवाल कोण करते आणि सवाल कोणाबद्दल आहे, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तर हे भांडण फुटकळ राहत नाही.

आधी मेजामागे कोण बसते ते पाहू. बीबीसीवर २००३ साली ‘क्यूआय’ नावाचा असा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात सगळ्यांना ठाऊक असलेले पण चुकीचे उत्तर दिले तर गुण कापले जातात. पहिली तेरा वर्षे सूत्रधाराची खुर्ची स्टीफन फ्राय यांच्याकडे होती. २०१६ साली ती सँडी टॉक्सविग या विनोदी लेखिका आणि कलावंत बाईंकडे आली. तोवर अशा मोठ्या कार्यक्रमात सूत्रधार म्हणून बाई क्वचितच दिसे, त्यामुळे कौतुक झाले. दोन वर्षांनी, २०१८ साली, टॉक्सविगबाईंनीच जाहीरपणे सांगितले की आधीच्या सूत्रधाराला मिळत होते त्याच्या चाळीस टक्केच आपल्याला मिळतात. शेजारी बसून दर भागात चुकीची उत्तरे देऊन हशा मिळवणारा जो कायमचा पुरुष स्पर्धक आहे, त्याच्याइतकाच आपला मोबदला आहे, असेही त्या म्हणाल्या. खुरपणीला जाणाऱ्या आपल्या बायांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. गड्याचा रोज वेगळा, बाईचा वेगळा, हे त्या जन्मभर पाहत आल्या आहेत.

त्याआधी २०१४ साली बीबीसीचे टीव्ही विभागाचे प्रमुख डॅनी कोहेन यांनी जाहीर केले होते की फक्त पुरुषांचे विनोदी पॅनेल यापुढे चालणार नाही. त्यावर लगेच आक्षेप आला, की आता येईल ती बाई ‘कोट्यातली’ ठरेल. हा आक्षेप ऐकून हसू आले. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आली आणि पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या तेव्हा पारावर हेच बोलले गेले. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या तेव्हाही हेच. खुर्ची रिकामी होती तोवर तिथे बाई का नाही, हे कोणी विचारत नव्हते. ती बसली की मात्र तिची लायकी तपासायला सगळे सरसावतात.

इंग्लंडचे राहू द्या. ज्ञानावरून भांडण्याची मौज आपल्या मातीत जुनी आहे. कलगी-तुऱ्याचे फड आठवा. एका बाजूने पुराणातले कूट घालायचे, दुसऱ्या बाजूने ते भेदायचे आणि उलटा सवाल टाकायचा. डफ-तुणतुण्यावर रात्र रात्र हे चाले आणि पुराणातला एखादा बारीक तपशील न आल्यामुळे भलाभला शाहीर गार पडे. या भांडणाचा मूळ मुद्दाच मोठा गमतीचा आहे. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात आणि कलगीवाले शक्तीला. पुरुष मोठा की स्त्री मोठी, हाच पिढ्यानपिढ्यांचा वाद! आणि तो घालत आले ते मुख्यतः दोन्हीकडचे पुरुष. शक्तीची बाजू लावून धरायलाही पुरुषच उभा. फड संपला की शक्तीचा कैवार घेणारा शाहीर घरी जाऊन बायकोला गरम भाकरी मागत असेल, यात शंका नाही.

तमाशात बाई आली ती पायात चाळ बांधून. पवळाबाईंपासून विठाबाई नारायणगावकरांपर्यंत कितीजणींनी आपल्या जिवावर फड जगवले. विठाबाई हजरजबाबी होत्या, स्वतःच्या नावाचा फड त्यांनी चालवला, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरी शेवटचा काळ ओढगस्तीतच गेला आणि २००२ साली त्या गेल्या. बतावणीतला विनोद मात्र सोंगाड्याच्या मालकीचा राहिला आणि गवळणीतली मावशी झाला तो साडी नेसलेला पुरुष.

ती मावशी अजून टीव्हीवर आहे. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली सुरू झाले आणि खेड्यापाड्यांत घरोघर पोचले. त्यात बहुरूपी पुरुष कलाकार बरेच आणि त्यांच्यात वर्षानुवर्षे ठळक दिसणारी बाई एकटी श्रेया बुगडे. नऊवारी नेसून, ओठ रंगवून आलेल्या पुरुषाच्या चालण्यावर किती हशे वसूल झाले, ते मोजता यायचे नाहीत. २०१८ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये चित्र थोडे बदलले. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात या बायांनी स्वतःच्या बळावर प्रहसने ओढून नेली. हा बदल मनापासून मान्य करायला हवा. तरी जाड बाई, काळी बाई, लग्न न झालेली बाई, खाष्ट बायको हे विनोदाचे ठरलेले खुंटे अजून उपटलेले नाहीत.

आता सवाल कोण करते ते पाहू. पुरुष वाद घालतो तेव्हा तो हजरजबाबी, अभ्यासू, फर्डा. बाईने तोच वाद घातला की ती भांडकुदळ, तोंडाळ, आगाऊ. बोलण्याला बोलणे जोडणाऱ्या मुलीला ‘लई शहाणी झालीस’ असे ज्या सुरात म्हणतात, तो सूर तुम्हां सगळ्यांच्या कानात असेल. शहाणे होणे ही शिवी व्हावी ती फक्त मुलीसाठी!

म्हणून बायांनी आपली भांडणे वेगळ्या जागी मांडली. मंगळागौरीच्या खेळात सासू-सुना झाल्या, जात्यावर बसून नवऱ्याच्या घराण्याचे वाभाडे काढले. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई तर थेट विठोबाशी भांडली. त्याला दळायला बसवले, शेणी वेचायला लावले, रागावली तेव्हा चार शब्द सुनावले. सातशे वर्षांपूर्वी दासी म्हणून राबणाऱ्या बाईने देवाला बरोबरीने बोलावे, ही केवढी ताकद. आपण मात्र तिला हात जोडलेल्या मूर्तीत बसवून तिचे भांडण विसरून गेलो. पुढे १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेली शिक्षा आणि त्यावरून सगळ्या स्त्रीजातीवर उठलेली टीका हे त्याचे निमित्त. ताराबाईंनी पुराणातले देव आणि ऋषी एकेक करून साक्षीला बोलावले आणि बाईवर जे दोष ठेवता ते तुमच्यातच कसे भरले आहेत, हे उपरोधाने दाखवले. कलगी-तुऱ्याच्या फडात कोणी बाईला उभे केले नव्हते, तर ताराबाईंनी कागदावर फड उभा केला. टीका इतकी झाली की जोतीराव फुले यांना त्यांची बाजू घ्यावी लागली. स्त्रीवादी बायांना विनोदबुद्धी नसते, असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावे.

तिसरी गोष्ट, सवाल कोणाबद्दल आहे. इतिहासातल्या बारीकसारीक तपशिलांना किरकोळ म्हणू नका. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचे जन्मस्थळ आपले पाथरी की नाही, यावरून केवढे रण माजले ते आपण पाहिले. पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा झाली आणि निषेधात शिर्डी बंद राहिली. एका तपशिलामागे मान, पैसा, रस्ते, पाणी सगळे येते. मग ज्यांचे तपशील कोणी विचारतच नाही, त्यांच्या वाट्याला काय येणार? दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाच्या प्रश्नमंजूषा होतात. १९४८ सालची पोलीस कारवाई, निजाम, रझाकार, पुढाऱ्यांची नावे हे सगळे मुलींना पाठ असते. पण जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी रझाकारांविरुद्ध हत्यार उचलले होते, हे त्यांच्यापैकी किती जणींना माहीत असते? रात्री-अपरात्री भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या बायांची तर नावेच कोणी लिहून ठेवली नाहीत. प्रश्नमंजूषेत बाई येते ती बहुधा कोणाची आई, कोणाची राणी म्हणून.

सवाल-जवाबाची संधी मिळाली तर काय होते, तेही पाहू. २०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे बसल्या. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार रुपये मिळायचे. एक कोटीचा सवाल इतिहासाचाच होता. बहादूरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने ‘दास्तान-ए-गदर’ लिहिले? त्यांनी जहीर देहलवी हे बरोबर उत्तर दिले. सगळ्यांना नवल वाटले. आपल्याला वाटू नये. चुलीपाशी बसून वाचणाऱ्या बाया गावोगाव आहेत. त्यांच्यापुढे कोणी सवाल ठेवत नाही, एवढेच.

आणि इथे हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी ४८ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा साधारण २२ टक्के. जवळपास निम्म्या मुली! ऊसतोडीला जाणारे आईबाप, मागे पोरीची काळजी, लांबची शाळा, वाढता हुंडा ही कारणे आपण शिबिरांत मांडतोच. आजच्या विषयापुरते एवढेच म्हणायचे आहे की नववीत शाळा सुटली की त्या मुलीचे इतिहासाचे पुस्तक तिथेच मिटते. पुढे तिला कोणी विचारते ते ‘भाजीला मीठ किती घातलेस’. तिला माहीत असण्याची, चुकण्याची, चूक मान्य न करता हट्टाने वाद घालण्याची आणि मग स्वतःवरच हसण्याची मुभा राहत नाही. टीव्हीवरचे ते विनोदवीर चुकीची उत्तरे देऊन पैसे मिळवतात. आपल्या सुनेला एक चुकीचे उत्तर किती महाग पडते, ते आपल्या सल्ला केंद्रात रोज दिसते.

टीव्हीवरच्या असल्या विनोदाचा निषेध करायचा तिथे आपण करतच राहू. पण नुसत्या निषेधाने हसू परत मिळत नाही. सवाल-जवाबाचा हा खेळ आपणच आपल्या हातात घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. येत्या ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला नेहमीच्या भाषणांची संख्या कमी करा आणि बचत गटांचे दोन फड मांडा. डफ नसेल तर परात चालेल. सवाल आपले असू द्या. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी फुल्यांच्या शाळेतली मुलगी कोण? मुक्ता साळवे. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क कोणत्या साली आला? १९९४. साऱ्या देशात? २००५. मग लगेच उलटा सवाल टाका, की या गावात किती जणींच्या नावावर सातबारा आहे? त्या सवालावर बराच वेळ भांडण चालेल आणि चालू द्यावे. म्हाताऱ्यांना पंच करा, त्यांच्या आठवणीतले तपशील लिहून घ्या. सासवा एका बाजूला आणि सुना दुसऱ्या बाजूला असे फड मात्र पाडू नका, ते भांडण घरोघरी चालूच आहे. मुलींना मधे बसवा. आपली आई चारचौघांत वाद घालते, चुकते आणि खळखळून हसते, हे त्यांनी एकदा तरी पाहू द्या.

१९६४ सालच्या एका गाजलेल्या तमाशापटाचे नावच ‘सवाल माझा ऐका!’ असे होते. ते नाव आपल्या फडाला शोभण्यासारखे आहे. फड झाले की तुमच्या गटाचे सवाल, जवाब आणि न सुटलेली भांडणे आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.