मोटार विकली, पण नोंद फिरली काय?

बैल विकावयाचा झाल्यास आपला शेतकरी किती सावध असतो हे कोणास सांगावयास नको. गिऱ्हाईक कोण, कोठले, याची तो बाजारात चौकशी करतो, ओळखीचा माणूस मध्ये घालतो, पैसे मोजून घेतल्यावाचून दावे हाती देत नाही आणि बाजाराची पावती झाल्यावाचून घरची वाट धरीत नाही. तोच शेतकरी आपली जुनी मोटार अगर जीप विकावयास काढतो, तेव्हा मात्र मोबाइलवर चार छायाचित्रे टाकून, ज्याचे तोंडही पाहिलेले नाही अशा माणसाच्या गोड बोलण्यावर विसंबतो. बैल गेला म्हणजे त्याच्याशी आपला संबंध तुटतो. मोटारीचे तसे नाही. ती दुसऱ्याच्या दारात उभी राहूनही आपल्या नावाने चालत राहते. या एका गोष्टीकडे शेतकरी बंधूंचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीची जी संकेतस्थळे निघाली आहेत, त्यांची निंदा करण्याचा माझा विचार नाही. पूर्वी तालुक्याच्या गावी दोन-तीन दलाल असत आणि ते ठरवतील तोच भाव. आता घरबसल्या पुण्या-नाशिकचे गिऱ्हाईक मिळते, चार भाव समजतात आणि दलालीही वाचते. ही सोय खरोखरच मोठी आहे. परंतु जुन्या दलालाचे घर ठाऊक असे, आणि तो पुढच्या बाजारीही त्याच जागी बसणार असे. नव्या बाजारात गिऱ्हाइकाचे नावगाव खरे की खोटे हेही कळत नाही. दलालाबरोबर त्याची जामीनकीही गेली. ती उणीव आता विकणाऱ्यानेच भरून काढली पाहिजे.

स्वतःची फजिती चारचौघांत सांगण्यात भूषण नाही; तथापि पुढच्यास ठेच लागली तर मागच्याने शहाणे व्हावे, म्हणून सांगतो. सन २०२२ मध्ये मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी माझी दहा वर्षे वापरलेली लहान मोटार विकावयास काढली. लगतच्या जिल्ह्यातील एक गृहस्थ आले. बोलणे सालस, १,४०,००० रुपयांस सौदा ठरला आणि रक्कम त्याच दिवशी माझ्या खात्यात जमा झाली. पैसे पोहोचले, आता चिंता कसली, असे मनाशी म्हणून मी नोंदणीपुस्तक, किल्ल्या आणि कोरे नमुने सह्या करून त्यांच्या हवाली केले. ‘महिन्याभरात नावावर करून घेतो, भाऊसाहेब,’ असे सांगून ते गेले. ज्या मनुष्याने तीस वर्षे शेतकऱ्यांस ‘खरेदीखत झाले, आता फेरफार करून घ्या’ असे बजावले, त्याने स्वतःच्या मोटारीचा फेरफार मात्र परक्याच्या भरवशावर सोडला!

चार महिन्यांनी वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड माझ्या मोबाइलवर आला. मी त्या गृहस्थांस कळवले. ‘भरतो’ एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या वर्षी पोलिसांचा निरोप आला. मोटारीने सायकलवरून दूध घालणाऱ्या एका मनुष्यास धडक दिली होती, त्याचा पाय मोडला होता, विम्याची मुदत संपलेली होती, आणि माझ्या गिऱ्हाइकाने ती मोटार केव्हाच तिसऱ्यास विकली होती. दप्तरी नाव माझेच. मोटार कोणत्या दिवशी कोणाच्या ताब्यात दिली, याचा एक चिटोराही मजजवळ नव्हता. नुकसानभरपाईच्या दाव्यात मी प्रतिवादी झालो आणि अखेर तडजोडीने ९०,००० रुपये देऊन मोकळा झालो. त्या दूधवाल्यावर मी रागावू शकत नाही. त्या बिचाऱ्याने दाद मागावी तरी कोणाकडे? ज्याचे नाव दप्तरी, त्याच्याकडेच.

कायदाही हेच सांगतो. ज्याच्या नावाने वाहनाची नोंद आहे तो मालक, अशी मोटार वाहन कायदा, १९८८ याची व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकालात काढलेल्या एका प्रकरणात मोटार २००७ साली विकली गेली होती, पुढे तिने आणखी हात बदलले, आणि २००९ मध्ये अपघात झाला. तरीही दप्तरी नाव पहिल्या मालकाचेच राहिल्यामुळे भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठरली. अपघातात सापडलेल्याने एका खरेदीदारामागून दुसऱ्याचा माग काढीत हिंडावे, हे न्यायालयास मान्य झाले नाही. जमिनीची मालकी दस्ताने फिरते व फेरफार ही महसुली नोंद होय, हे आम्ही दप्तरातील लोक जाणतो. मोटारीतही विकणारा व घेणारा या दोघांपुरती विक्री पैसा आणि ताबा यांनी होते; परंतु रस्त्यावरील तिसऱ्या मनुष्याच्या दृष्टीने नोंद हीच मालकी. म्हणून मोटारीची नोंद जमिनीच्या फेरफारापेक्षाही अधिक निकडीची समजली पाहिजे.

ही नोंद कशी फिरवावी? त्याच कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते, आणि घेणाऱ्यास ३० दिवसांची मुदत असते. गिऱ्हाईक परराज्यातील असल्यास विकणाऱ्यास ४५ दिवस मिळतात, परंतु आधी नमुना २८ भरून ना हरकत दाखला घ्यावा लागतो. नमुना २९ ही विकणाऱ्याची सूचना होय. नमुना ३० मध्ये विकणारा व घेणारा या दोघांचेही भाग असतात. मोटारीवर बँकेचे अगर पतसंस्थेचे कर्ज असेल, तर ते फेडल्याचा दाखला व नमुना ३५ घेऊन बोजा आधी उतरवावा. हे नमुने पूर्ण भरून, तारीख घालून, मगच सही करावी. कोऱ्या नमुन्यावर सही करणे आणि कोऱ्या स्टँपकागदावर अंगठा उठवणे यांत अंतर नाही. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज दाखल करणे हे गिऱ्हाइकास समोर बसवून, मोटार दारात उभी असतानाच उरकावे व त्याची पोच जपून ठेवावी. शिवाय दिवस, वेळ, मोटारीने केलेले किलोमीटर, इंजिन व चासीचा क्रमांक, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोन साक्षीदार यांसह ताबापावती करून घ्यावी. त्याच दिवशी विमा कंपनीस विक्री कळवावी आणि फास्टॅग बंद करावा. नाहीतर घेणाऱ्याचा पथकर आपल्या खात्यातून जात राहील. इतके करूनही महिनाअखेर नोंद पाहावी आणि नाव बदलले नसल्यास परिवहन कार्यालयास लेखी स्मरण द्यावे.

आता पैशाविषयी. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, मोटार न पाहताच घेतो, असे सांगणारा एक प्रकारचा ठक या बाजारात नेहमी आढळतो. इसार पाठवतो म्हणून तो क्यूआर कोड धाडतो, तो स्कॅन करून पिन घालावयास सांगतो, आणि पिन घालताच आपल्याच खात्यातील पैसे निघून जातात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यास तो कधीही लागत नाही. हे एक वाक्य घरातील प्रत्येकाने पाठ करावे. पैसे जमा झाल्याचा संदेश अगर छायाचित्र दाखवल्यास त्यावर विश्वास न ठेवता स्वतःचे खाते पाहावे. सर्वांत उत्तम म्हणजे गिऱ्हाइकास आपल्या बँकेच्या शाखेत बोलवावे व तेथेच रक्कम जमा करून घ्यावी. एका व्यवहारात २ लाख रुपये अगर अधिक रोख घेण्यास आयकराच्या कायद्याने २०१७ पासून मनाई आहे, हेही ध्यानात असावे. फसवणूक झालीच, तर लाजून घरी न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

मोटार दाखवावयाची ती दिवसाढवळ्या, वर्दळीच्या जागी. चालवून पाहावयास द्यावी ती परवाना तपासून, आणि आपण शेजारी बसून. जाहिरातीत नोंदणीपुस्तकाचे अगर आधारकार्डाचे छायाचित्र घालू नये. तीच चित्रे दाखवून ठक आपलीच मोटार दुसऱ्यास विकल्याचे सोंग करतात आणि त्याच्याकडून इसार उकळतात.

इतका खटाटोप ज्यास झेपत नाही, त्याने चार पैसे कमी घेऊन परवानाधारक व्यापाऱ्यास मोटार द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा व्यापाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेतलेले असावे लागते. मोटार त्याच्या ताब्यात दिल्याची नमुना २९-सीची सूचना दाखल झाली म्हणजे जबाबदारीही त्याच्याकडे जाते. मात्र ते अधिकारपत्र डोळ्यांनी पाहिल्यावाचून मोटार देऊ नये.

शेवटी दोन सूचना. पहिली आपल्या संस्थेस. बियाणे व खते यांची माहिती जशी कार्यालयात मिळते, तसे हे नमुने तेथे ठेवावेत आणि संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुण सभासदाने आठवड्यातून एक दिवस ते भरून देण्याचे काम पत्करावे. दुसरी सरकारास. दस्त नोंदला गेला की त्याची खबर आता दुय्यम निबंधकाकडून गावच्या महसुली दप्तरास संगणकावरूनच पोहोचते. मोटारीच्या बाबतीतही विकणाऱ्याने सूचना देताच, घेणाऱ्याच्या सवडीची वाट न पाहता, ‘विक्रीची सूचना दाखल’ असा शेरा नोंदीवर उमटावा, आणि त्या दिवसापासून विकणाऱ्याची जबाबदारी संपल्याचे कायद्याने मानावे. जो प्रामाणिकपणे कळवतो, त्यास दुसऱ्याच्या आळसाची शिक्षा का?

तसा कायदा होईल तेव्हा होवो. तोपर्यंत आपल्या हाती आहे ते आपण करावे. पैसे खात्यात पडले म्हणजे सौदा अर्धा झाला. नोंद फिरली म्हणजे पुरा झाला. उरलेल्या अर्ध्या सौद्याची किंमत मी मोजली आहे. ती दुसऱ्या कोणास मोजावी लागू नये.

— एक निवृत्त अव्वल कारकून